स्तनांचा कर्करोग लवकर ओळखण्याचा इतिहास: यंत्र, हात आणि मुंबईतली वीस वर्षं

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की हा तर डॉक्टरांचा विषय, इतिहासाच्या व्याख्यानमालेत तो कसा आला? प्रश्न रास्त आहे. कुणी कोणती तपासणी करून घ्यावी हे सांगायला आम्ही पात्र नाही, आणि ते सांगणारही नाही. आपल्याला आज एका वाक्याचा इतिहास पाहायचा आहे. ‘कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो.’ हे वाक्य सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असतं, स्टेशनवर असतं, शिबिराच्या फलकावर असतं. ते इतकं सरळ वाटतं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. पण ते खरं आहे का, असेल तर कितपत, आणि कुठल्या बाईच्या बाबतीत, हे शोधायला जगाला निदान साठ वर्षं लागली. त्यातली वीस वर्षं आपल्या मुंबईतल्या वस्त्यांमध्ये गेली. तिकडे आपल्याला पोहोचायचं आहे, पण वाटेत न्यूयॉर्क, स्वीडन, कॅनडा आणि मनिला लागतील.

सुरुवात मात्र हातापासून करू. एक्स-रे येईपर्यंत ही गाठ सापडायची ती हातालाच, आणि बहुतेक वेळा त्या बाईच्या स्वतःच्या हाताला. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार. १८११ साली पॅरिसमध्ये तिच्या स्तनातल्या गाठीसाठी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्याचा प्रख्यात सर्जन लारे होता. भूल नव्हती. ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग व्हायला अजून पस्तीस वर्षं अवकाश होता. त्या दिवसाचं वर्णन तिने बहिणीला पत्रात लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचवत नाही. या शस्त्रक्रियेनंतर ती अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली. आता प्रश्न असा, की ती गाठ कर्करोगाची होती का? सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नक्की करण्याची पद्धत तेव्हा नव्हतीच. म्हणजे ती वाचली ती शस्त्रक्रियेमुळे, की गाठ मुळात जीवघेणी नव्हती म्हणून, हे कुणालाच सांगता येणार नाही. हा प्रश्न लक्षात ठेवा. दोनशे वर्षांनी तोच प्रश्न आकडे घेऊन परत येणार आहे.

पुढचं मोठं नाव बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले सर्जन विल्यम हॉल्स्टेड. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या पन्नास शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकत्र काढून टाकायचं. यामागची समजूत अशी, की कर्करोग एका जागी सुरू होतो आणि पायरीपायरीने बाहेर सरकतो. आधी गाठ, मग काख, मग बाकीचं शरीर. तो पुढच्या पायरीवर जाण्याआधी त्याला गाठलं, तर तो मुळासकट निघतो.

आपलं ते भिंतीवरचं वाक्य इथून निघालं. १९१३ साली अमेरिकेत कर्करोग नियंत्रणासाठी एक संस्था स्थापन झाली, पुढे तीच अमेरिकन कॅन्सर सोसायटी झाली. तिने गाठ लागली तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा, असा प्रचार सुरू केला. प्रचार चांगलाच होता. पण त्याची एक उलटी बाजू होती, ती आम्हाला अजून आपल्या घरांतून दिसते. बाई दगावली की ‘तिने उशीर केला’ हे कारण आपोआप तयार असायचं. रोगाचा दोष बाईच्या माथी. डॉक्टरने काय केलं, रोग मुळात कसला होता, हे विचारायची गरज संपली.

यंत्राचा भाग थोडक्यात सांगतो. बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ च्या सुमारास शस्त्रक्रियेने काढलेल्या स्तनांचे एक्स-रे घेतले आणि त्यांत कर्करोग कसा दिसतो ते टिपून ठेवलं. १९५० च्या आसपास उरुग्वेचे राऊल लेबोर्न यांनी स्तन दाबून धरून स्पष्ट चित्र काढण्याची रीत बसवली आणि त्यात दिसणाऱ्या चुन्याच्या बारीक कणांकडे लक्ष वेधलं. ह्यूस्टनचे रॉबर्ट ईगन यांनी दुसऱ्या कुणालाही तसंच चित्र काढता येईल अशी कृती तयार केली. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून फक्त याच कामासाठी बनवलेलं मॅमोग्राफी यंत्र आलं. हाताला न लागणारी गाठ आता डोळ्याला दिसू लागली.

मग प्रश्न उरला कुठे? लवकर दिसतंय, तर लवकर काढा, बाई वाचेल. इथेच खरी मेख आहे.

समजा, मुंबईहून पुण्याला गाडी निघाली आहे. एक माणूस ती दादरला पाहतो, दुसरा कर्जतला. आपण गाडी पाहिल्यावर ती किती वेळ धावली, असं दोघांना विचारलं तर दादरचा माणूस जास्त वेळ सांगेल. पण गाडी पुण्याला पोहोचली ती ठरल्या वेळीच. कर्करोगाचंही असंच होऊ शकतं. तपासणीमुळे गाठ तीन वर्षं आधी सापडली, तर ‘निदानानंतर किती वर्षं जगली’ हा आकडा तीन वर्षांनी वाढतो. बाई मात्र ज्या दिवशी जायची त्याच दिवशी जाते. तिच्या वाट्याला आलं काय, तर आजारी म्हणून घेण्याची तीन जादा वर्षं.

दुसरी गोम अशी. दोन वर्षांतून एकदा दार उघडून रस्त्यावर डोकावणाऱ्याला बैलगाड्याच जास्त दिसणार, भरधाव मोटारी दोन डोकावण्यांच्या मधल्या वेळात निघून गेलेल्या असतात. तपासणीत सापडतात ते कर्करोग सावकाश वाढणारे असण्याची शक्यता जास्त, आणि अशा बायका तशाही जास्त जगतात. त्यातल्या काही बैलगाड्या तर कुठेच पोहोचणार नसतात. त्या गाठींनी त्या बाईला आयुष्यात कधी त्रासच दिला नसता. पण एकदा दिसल्या की त्यांना सोडून द्यायची हिंमत डॉक्टरची होत नाही, बाईचीही होत नाही. फॅनी बर्नीचा प्रश्न तो हाच.

तेव्हा ‘आमच्याकडे लवकर आलेल्या बायका जास्त जगल्या’ या दाव्याला पुरावा म्हणून किंमत नाही. एकच मार्ग उरतो. निरोगी बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला तपासणीला बोलवायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग पाच, दहा, वीस वर्षं कुठल्या गटात या रोगाने किती जणी गेल्या ते मोजायचं. मोजायचं जगणं नव्हे, मरण. ऐकायला हे क्रूर वाटतं. ते तसं आहेच, आणि त्याचा हिशेब पुढे मुंबईत करावा लागतो.

अशी पहिली मोठी चाचणी डिसेंबर १९६३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली. हेल्थ इन्शुरन्स प्लॅन नावाची एक आरोग्यविमा योजना होती, तिच्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२ हजार सभासद स्त्रियांचे दोन गट पाडले गेले. आकडेशास्त्राची बाजू सॅम शापिरो यांच्याकडे, एक्स-रेची फिलिप स्ट्रॅक्स यांच्याकडे, सर्जन होते लुई व्हेनेट. स्ट्रॅक्स यांची पत्नी तरुण वयातच या रोगाने गेली होती. बोलावलेल्या स्त्रियांपैकी साधारण दोन तृतीयांश आल्या. त्यांची वर्षातून एकदा, अशी चार वेळा तपासणी झाली. मॅमोग्राफी आणि त्याबरोबर डॉक्टरने हाताने केलेली तपासणी, दोन्ही. दहा वर्षांनी हिशेब केला, तेव्हा बोलावलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. भिंतीवरच्या वाक्याला पहिल्यांदा भक्कम पुरावा मिळाला तो इथे.

आता या चाचणीतला एक आकडा सांगतो, जो पुढच्या गदारोळात विसरला गेला. तपासणीत जे कर्करोग सापडले, त्यांतले साधारण ३३ टक्के फक्त एक्स-रेने सापडले, २२ टक्के दोन्हींनी, आणि ४५ टक्के फक्त हाताने. जवळजवळ निम्मे! त्या काळची मॅमोग्राफी आजच्यापेक्षा पुष्कळ कच्ची होती, हे खरं. तरीही मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले त्याचं श्रेय यंत्राचं किती आणि हाताचं किती, हे त्या चाचणीवरून वेगळं काढता येत नव्हतं. श्रेय मिळालं ते यंत्राला. यंत्र विकता येतं, हात विकता येत नाही, असं म्हणायचा मोह होतो, पण तो आम्ही आवरतो. कारण इतकं सोपं नव्हतं. यंत्राला दिसणाऱ्या गाठी खरोखरच लहान होत्या.

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ती लपवली नाही. काही आठवड्यांत हॅपी रॉकफेलर यांचंही तेच झालं. ज्या रोगाचं नाव वर्तमानपत्रांत दबकत छापलं जायचं तो पहिल्या पानावर आला, आणि तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या. त्याच सुमारास अमेरिकेत २ लाख ८० हजार स्त्रियांना मॅमोग्राफी देणारा प्रात्यक्षिक प्रकल्प चालू होता. त्यात तुलनेचा गट नव्हता, कारण पुरावा मिळालाच आहे असं धरून चाललेलं. १९७६ मध्ये जॉन बेलर या संख्याशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरने जाहीरपणे विचारलं, की पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना याचा फायदा कुठे सिद्ध झालाय? आणि दरवर्षीच्या किरणोत्सर्गाने आपण नवे कर्करोग तर तयार करत नाही ना? लोक चिडले. पण पन्नाशीच्या आतल्यांची नेमाची तपासणी त्या प्रकल्पात पुढे मर्यादित करावी लागली. बेलर यांनी छेडलेला तो वाद आजही मिटलेला नाही.

स्वीडनमध्ये १९७७ पासून दोन परगण्यांतल्या सुमारे १ लाख ३३ हजार स्त्रियांवर चाचणी झाली. तिथे हाताने तपासणी नव्हती, फक्त मॅमोग्राफी. १९८५ मध्ये लास्लो ताबार आणि सहकाऱ्यांनी ३१ टक्क्यांची घट जाहीर केली. ब्रिटनमध्ये फॉरेस्ट समितीने १९८६ मध्ये अनुकूल अहवाल दिला आणि १९८८ पासून ५० ते ६४ वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी बोलावणं जाऊ लागलं. यंत्राची बाजू पक्की झाली असं वाटत होतं.

आणि मग कॅनडा. अँथनी मिलर यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या चाचणीचा एक भाग ५० ते ५९ वयाच्या ३९ हजारांहून जास्त स्त्रियांचा होता. त्याची आखणी बघा, आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हुशार आखणी आहे. दोन्ही गटांची दरवर्षी हाताने काळजीपूर्वक तपासणी केली. फरक एवढाच, की एका गटाला त्यावर मॅमोग्राफीही दिली. म्हणजे प्रश्न असा झाला, की हात आधीच नीट चालत असेल तर यंत्राने भर किती पडते? १९९२ मध्ये उत्तर आलं, की मृत्यूंमध्ये फरक नाही. पंचवीस वर्षांनंतरचा हिशेब २०१४ मध्ये आला, तोही तसाच. रेडिओलॉजिस्ट मंडळींनी या चाचणीवर कडाडून टीका केली. एक्स-रे निकृष्ट होते, गट नीट पाडले नव्हते, असे आक्षेप घेतले गेले, आणि ते अजूनही घेतले जातात. ही चाचणी निर्दोष होती असं आमचं म्हणणं नाही. पण तिने विचारलेला प्रश्न गरीब देशांसाठी सोन्याचा होता.

युरोपातलं भांडण इथे लवकर संपवतो. २००० मध्ये डेन्मार्कच्या गोत्शे आणि ओल्सेन यांनी बहुतेक चाचण्या सदोष ठरवल्या. मोठा वाद झाला. ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. तिने २०१२ मध्ये हिशेब मांडला तो असा: पन्नाशीपासून वीस वर्षं दहा हजार स्त्रियांना तपासणीला बोलावलं, तर या रोगाचे ४३ मृत्यू टळतात, आणि १२९ स्त्रियांचा असा कर्करोग शोधून त्यावर उपचार होतात, जो एरवी कधी डोकं वर काढता ना. एका जीवामागे तीन बैलगाड्या. या १२९ जणी कोण हे कधीच कळत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. उलट आपण वेळेवर वाचलो, असंच त्या प्रत्येकीला वाटतं.

आता परळला येऊ.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कची चाचणी सुरू झाली त्याच वर्षी, मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. एका शहरातल्या सगळ्या रुग्णांची मोजदाद करणारी ती देशातली पहिली. नोंदवही म्हणजे कंटाळवाणं काम. रुग्णालयारुग्णालयांत जाऊन, मृत्यूंचे दाखले तपासून नावं उतरवायची. पण या कंटाळवाण्या कामामुळे मुंबई हे असं शहर झालं, जिथे ‘किती जणींना झाला आणि किती गेल्या’ या प्रश्नाला उत्तर होतं. मोजदादच नसती, तर पुढची चाचणी उभीच राहिली नसती.

टाटा रुग्णालयातले सर्जन इंद्रनील मित्रा यांनी १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून भूमिका मांडली, की मॅमोग्राफीशिवाय, केवळ हाताने केलेल्या तपासणीच्या बाजूने युक्तिवाद करता येतो. कॅनडाचा निकाल तेव्हा ताजा होता. भारतात तर प्रश्न वेगळाच. मॅमोग्राफीचं यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ, चित्र वाचणारा रेडिओलॉजिस्ट, वीज, दुरुस्ती, हे सगळं कोट्यवधी बायकांसाठी कुठून आणणार? शिवाय तरुण स्त्रीचा स्तन घट्ट असतो, त्यात एक्स-रेला गाठ कमी दिसते, आणि आपल्याकडच्या रुग्णांमध्ये तरुण बायकांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त. हात मात्र सगळीकडे आहेत.

पण हात असून भागतं का? याचं उत्तर फिलिपाइन्सच्या मनिला शहराने दिलं, आणि ते कडू होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथे परिचारिका आणि सुईणींना शिकवून हाताने तपासणी सुरू झाली. १ लाख ३८ हजारांहून जास्त स्त्रियांची पहिली फेरी पार पडली. ३,४७९ जणींना ‘काहीतरी लागतंय, पुढे तपासून घ्या’ असं सांगितलं गेलं. त्यांपैकी पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचल्या अवघ्या ३५ टक्के. घरी माणसं पाठवली, तरी ४२ टक्के स्त्रियांनी स्पष्ट नकार दिला. पहिल्याच फेरीनंतर ती योजना थांबवावी लागली. हात चुकला नव्हता. हाताने दाखवलेल्या दारातून बायका आत गेल्या नाहीत. का गेल्या नाहीत, हे आपल्याला शिकवायला नको. दुखत नाही ना, मग कशाला? घरच्यांना काय सांगू? रजेचे पैसे कोण देणार? आणि खरंच निघालं, तर पुढे काय?

मनिलाचा हा अनुभव अजून पूर्ण छापूनही आला नव्हता, तेव्हा १९९८ मध्ये मुंबईची चाचणी सुरू झाली. पैसा मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. शहरातले वीस वेगवेगळे भाग निवडले, दहा तपासणीचे, दहा तुलनेचे. ३५ ते ६४ वयाच्या एकूण १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. त्या होत्या या कामासाठी खास शिकवून तयार केलेल्या प्राथमिक आरोग्यसेविका. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या. त्याच वेळी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी साधी, ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी. संशय आला, की परळला. तुलनेच्या गटात एकदा माहिती सांगितली, आणि मग दोन्ही गटांत वर्षानुवर्षं घरोघर जाऊन चौकशी: कुणाला काही झालंय का, कोण कुठे राहायला गेलं, कोण वारलं.

ज्यांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये काम केलंय त्यांना या चौकशीचं वजन कळेल. १९९८ ला जिथे चाळ किंवा झोपडी होती तिथे २०१० ला टॉवर. माणसं विरारला, कल्याणला, गावाला गेलेली. आणि दार उघडल्यावर एका अनोळखी मुलीने म्हणायचं, ‘ताई, ब्लाऊज काढून तपासणी करायची आहे.’ पहिल्या दिवशी कोण तयार होईल? पण तीच मुलगी चार वेळा आली, दारात बसून चहा प्यायली, परळला सोबत येईन म्हणाली, की मग गोष्ट बदलते. हा आमचा तर्क आहे, पण मनिलात जे घडलं नाही ते मुंबईत बऱ्याच प्रमाणात घडलं, याचं दुसरं कारण आम्हाला दिसत नाही.

निकाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. तपासणीच्या गटात पुढच्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, तुलनेच्या गटात ४७ टक्के. मृत्यूंमध्ये एकूण घट १५ टक्के, पण आकडेशास्त्राच्या कसोटीवर ही घट योगायोगही असू शकते इतकी बारीक. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मात्र घट सुमारे ३० टक्के. दर लाख स्त्री-वर्षांमागे ३५ च्या जागी २५ मृत्यू. पन्नाशीच्या आतल्यांना फायदा दिसला नाही. वयाचा हा गट हिशेब करताना नंतर वेगळा काढलेला आहे, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे जेवढे ढोल वाजवले तेवढे वाजवू नयेत, असं आमचं मत. पण न्यूयॉर्कचे ३०, स्वीडनचे ३१ आणि एक्स-रेचं एकही यंत्र न वापरता मुंबईचे हे ३० शेजारी मांडून बघितले, की आपण थोडे थबकतो.

आता तो क्रूर हिशेब. तुलनेच्या गटातल्या ७६ हजार स्त्रियांना तपासणी मिळाली नाही. स्तनांच्या तपासणीबाबत तेव्हा उत्तर खरोखरच माहीत नव्हतं, म्हणून ते समर्थनीय ठरतं. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं काय? ती तपासणी जीव वाचवते, हे पाश्चात्त्य देशांत दशकानुदशकं मान्य होतं. २०१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत मुंबईचे आकडे जाहीर झाले: व्हिनेगरच्या तपासणीने ३१ टक्के मृत्यू टळले. टाळ्या पडल्या. आणि मग कुणीतरी उलट बाजूने वाचलं, की म्हणजे दुसऱ्या गटात तेवढे टळले नाहीत. एरिक सूबा या अमेरिकन डॉक्टरने हा प्रश्न लावून धरला, २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये त्याचा लेख आला, आणि या स्त्रियांना सगळं समजावून संमती घेतली होती का, याची अमेरिकेत सरकारी पातळीवर चौकशीही झाली. संशोधकांचं उत्तर असं, की भारतात या स्त्रियांना एरवीही काहीच मिळत नव्हतं, आम्ही कुणाचं काढून घेतलं नाही. आम्हाला हे उत्तर खोटं वाटत नाही, पण पुरेसंही वाटत नाही. ‘एरवीही काहीच मिळत नव्हतं’ हे देशाच्या व्यवस्थेचं वर्णन झालं. समोरच्या बाईला ते सांगितलं होतं का, आणि तिला ते कळलं होतं का, हा प्रश्न वेगळा आहे. आणि हेही खरं, की हे आकडे नसते तर आज आपल्याकडे वस्तीतल्या तपासणीच्या बाजूने बोलायला फार थोडं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली: तिशीपासून पासष्टीपर्यंतच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी. कागदावर मुंबईची गोष्ट देशभर गेली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, की तुमची कधी एकदा तरी स्तनतपासणी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. आणि त्याच देशात २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू. मरणाचं प्रमाण इथे जास्त असण्याचं एक मोठं कारण म्हणजे हाताला स्पष्ट लागणारी, महिनोन्‌महिने लागत असलेली गाठ घेऊन बाई उशिरा पोहोचते. तिच्यासाठी यंत्र की हात हा वादच गैरलागू आहे. गाठ तिला आधीच सापडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जे लक्ष्य ठेवलं, त्यात म्हणूनच एक कलम असं आहे, की बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. इथे बसलेल्यांपैकी कुणी घरच्या माणसाला घेऊन तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला गेलं असेल, तर त्यांनी हे साठ दिवस मनातल्या मनात मोजून पाहावेत.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांना उत्तर देतो.

पहिली: ‘मग घरच्या घरी स्वतःच तपासावं का?’ शांघायची गोष्ट या प्रश्नासाठीच मागे ठेवली होती. तिथल्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर १९८९ पासून चाचणी झाली. निम्म्या जणींना दरमहा स्वतःची तपासणी कशी करायची हे अगदी मन लावून शिकवलं, पुन्हापुन्हा उजळणी घेतली. दहा-अकरा वर्षांनी मृत्यू मोजले: शिकवलेल्या गटात १३५, न शिकवलेल्यांत १३१. फरक नाही. उलट शिकवलेल्या गटात साध्या गाठींसाठी तुकडा काढून तपासण्याचे प्रकार जास्त झाले. याचा अर्थ शरीराकडे लक्ष देऊ नये असा नव्हे. दरमहा ठरल्या दिवशी परीक्षेसारखी तपासणी केल्याने मृत्यू कमी होत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. आंघोळीच्या वेळी नेहमीपेक्षा वेगळं काही जाणवलं तर ते दाखवायचं असतं, आणि त्यासाठी चाचणीची गरज नाही.

दुसरी चिठ्ठी: ‘आमच्या सोसायटीत मॅमोग्राफीची गाडी येणार आहे. माझं वय ४२. करावी का?’ ताई, याचं उत्तर आम्ही देणार नाही, आणि तज्ज्ञांचंही एकमत नाही. ब्रिटनमध्ये आज बोलावणं पन्नाशीपासून येतं. अमेरिकेतल्या अधिकृत तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये पन्नाशी सांगितली होती, २०२४ मध्ये चाळिशी सांगितली. घराण्यात हा रोग असेल तर हिशेबच वेगळा, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. त्या गाडीवाल्यांना मात्र एक प्रश्न जरूर विचारा: चित्रात काही दिसलं, तर पुढची तपासणी कुठे, कोण करणार, आणि किती दिवसांत?